उद्घाटनाआधीची वानगी

२८ आणि २९ डिसेंबर २०२० या दोन दिवशी देशातील चार राज्यांत एक विलक्षण लसीकरण पार पडले. गुजरातेत राजकोट व गांधीनगर, पंजाबात लुधियाना व शहीद भगतसिंग नगर, आसामात सोनितपूर व नलबारी आणि आंध्र प्रदेशात कृष्णा जिल्हा अशी ठिकाणे त्यासाठी निवडली होती. प्रतीक्षाकक्षात खुर्च्या अंतर राखून मांडल्या होत्या. यादीत नाव शोधणारा कर्मचारी होता, ओळखपत्र पडताळणारा होता, टोचणारी परिचारिका होती आणि टोचून झाल्यावर अर्धा तास बसण्यासाठी वेगळी खोलीही होती. शीतपेट्या भांडारातून केंद्रापर्यंत आल्या, मोबाइलवर निरोप गेले, संगणकावर नोंदी झाल्या. सर्व काही यथासांग झाले. उणीव होती ती केवळ लसीची. ती अद्याप कोणालाच द्यायची नव्हती.

ही कोविन या संगणकीय व्यवस्थेची रंगीत तालीम होती. आरोग्य केंद्रातील कर्मचारीच लाभार्थी म्हणून उभे राहिले होते. एका केंद्रावर असे २५ जण. त्यांची नावे आधीच व्यवस्थेत चढवली होती. नाव चढवण्यापासून प्रकृती बिघडल्यास काय करायचे येथपर्यंतची संपूर्ण साखळी एकदा हाताखालून घालावी आणि कोठे अडते ते पाहावे, हा हेतू. पुढे २ जानेवारी २०२१ रोजी सर्व राज्यांत मिळून १२५ जिल्ह्यांतील २८६ केंद्रांवर अशीच तालीम झाली. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, नागपूर, जालना व नंदुरबार हे जिल्हे निवडले होते. नंदुरबारचे नाव या यादीत असणे ही निवड करणाऱ्याच्या शहाणपणाची खूण मानावी लागेल. पुण्याच्या इस्पितळात जे चालते ते सातपुड्याच्या पायथ्याशी चालेलच असे नाही, हे कोणाच्या तरी ध्यानी आले होते.

व्यापारी घराण्यांना या प्रकारात नवे वाटण्याजोगे काही नाही. धान्याचा सौदा वानगीवर होतो. पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढायचे, तळहातावर पसरायचे, दाताखाली एक फोडून पाहायचा, मग भाव बोलायचा. पण जुन्या अडत्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. वानगी पोत्याच्या तोंडाशी घेतली तर ती नेहमीच चांगली निघते. नळी तळापर्यंत जायला हवी, आणि कोणत्या पोत्यात खुपसायची ते विकणाऱ्याने ठरवता कामा नये. आरोग्यसेवेच्या संगणकीय व्यवस्था लोकांसाठी खुल्या करण्यापूर्वी त्यांची जी परीक्षा घेतली जाते, तिचे मर्मही याहून फारसे निराळे नाही. कोविनची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात वानगी घेतली गेली होती, तीही मनापासून. आणि तरीही पोत्याच्या तळाशी काही राहून गेले.

कोविन शून्यातून उभी राहिली नव्हती. लसींच्या साठ्याचा व शीतगृहांतील तापमानाचा हिशेब ठेवणारी ईविन ही व्यवस्था संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०१५ पासून देशात रुजत गेली होती. कोठारात माल किती, कोणत्या तारखेचा, किती अंश तापमानात, हे तिला सांगता येत असे. वखारीची वही म्हणावी तशी ती होती. कोविनला त्या वहीला गिऱ्हाइकाची खातेवही जोडायची होती: कोणाला, कोठे, कोणत्या दिवशी, कितवी मात्रा. माल जागच्या जागी राहतो. गिऱ्हाईक राहत नाही. अडचण पुढे नेमकी येथेच उद्भवली.

पहिल्या तालमीनंतर चारही राज्यांनी समाधान व्यक्त केले. ८ जानेवारीला देशभर पुन्हा एक मोठी तालीम झाली आणि १६ जानेवारीला प्रत्यक्ष लसीकरण सुरू झाले. ३,००६ केंद्रे, प्रत्येकी साधारण १०० जणांची यादी. तीन लाखांच्या आसपास माणसे अपेक्षित होती. पहिल्या दिवशी प्रत्यक्षात टोचले गेले ते सुमारे दोन लाख. महाराष्ट्रात २८५ केंद्रांवर २८,५०० जणांची अपेक्षा असताना आकडा अठरा हजारांच्या पुढे थोडाच गेला. कोविन ठिकठिकाणी मंदावली, काहींना निरोपच पोहोचले नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत राज्यात पुढील दोन दिवस सत्रे होणार नाहीत असे जाहीर झाले.

मंदावणे हा दोष समजण्यासारखा आहे व तो दुरुस्तही लवकर होतो. अधिक बोलका दोष दुसरा होता. यादीतील १०० जणांपैकी अनेक जण आलेच नाहीत. कोणी नव्या लसीला बिचकले, कोणी गावी गेले होते, कोणाची पाळी बदलली होती. इकडे कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे. कोविशील्डच्या एका कुपीत १० मात्रा, कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीच्या कुपीत २०. शेजारच्या खोलीत यादीबाहेरचा एखादा डॉक्टर बाही वर करून तयार उभा असला तरी त्याचे नाव त्या दिवसाच्या यादीत घालण्याची सोय व्यवस्थेत नव्हती. काही दिवसांतच ती करण्यात आली आणि आयत्या वेळी नाव घालता येऊ लागले. प्रश्न असा उरतो की तीन तालमींत ही गोष्ट कोणाच्या लक्षात का आली नाही? उत्तर साधे आहे. तालमीत सगळे आले होते. ज्यांना लाभार्थी म्हणून नेमले होते ते सरकारी कर्मचारी होते. न येण्याचा प्रश्नच नव्हता. दुकानदाराने मागणी रद्द न करणारी गिऱ्हाइकेच तेवढी धरून हिशेब मांडावा, तसे हे झाले.

परीक्षेसाठी निवडलेली माणसे आज्ञाधारक असतात, हा अशा सर्व चाचण्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा दोष आहे. ती वेळेवर येतात, त्यांची ओळखपत्रे जवळ असतात, त्यांचा मोबाइल चार्ज केलेला असतो आणि सांगितले ते बटण ती दाबतात.

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांना स्वतः नाव नोंदवण्याची मुभा मिळाली आणि नवीच गंमत झाली. मोबाइलच्या दुकानात कोविन नावाचे अॅप दिसत होते. हजारो लोकांनी ते उतरवून घेतले. ते कर्मचाऱ्यांसाठी होते. नागरिकांनी संकेतस्थळावर जायचे आहे, असा खुलासा आरोग्य मंत्रालयाला करावा लागला. ज्याने ती व्यवस्था रचली त्याला दोन्ही दारांतला फरक इतका उघड होता की कोणी चुकीच्या दाराने येईल हे सुचलेच नसावे. अशा वेळी एका अनोळखी वृद्ध गृहस्थाच्या हाती मोबाइल देऊन, काहीही न सांगता, शेजारी गप्प बसून पाहणे हीच परीक्षा. ती दहा माणसांवर घेतली तरी पुरते, आणि तिला खर्च जवळजवळ नसतो. मात्र गप्प बसणे रचनाकाराला फार जड जाते.

२८ एप्रिलला दुपारी चार वाजता अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाची नोंदणी खुली झाली. दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते. देशाचे तरुण एकाच क्षणी दारावर येऊन धडकले. पहिल्या काही मिनिटांत व्यवस्था कोलमडली, संकेतांक येईनासे झाले, नंतर ती सावरली आणि दिवस संपेपर्यंत सव्वा कोटींहून अधिक नावे नोंदली गेली. सावरण्याचे श्रेय निःसंशय द्यायला हवे. पण नाव नोंदले गेले तरी लस मिळण्याची वेळ निश्चित होत नव्हती. केंद्रांवरील जागा काही सेकंदांत संपत. ज्यांना संगणकाची भाषा येत होती त्यांनी जागा उघडताच सूचना देणारे कार्यक्रम लिहून घेतले. मुंबई-पुण्याची मुले मोटारीने ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेऊन आली आणि त्या गावची माणसे आपल्याच आरोग्य केंद्राबाहेर उभी राहिली. व्यवस्थेच्या दृष्टीने यात काहीच बिघडले नव्हते. प्रत्येक नोंद अचूक होती. वजनकाटा बरोबर असूनही रांग अन्यायाची असू शकते, आणि हे तपासणारी चाचणी संगणकाच्या खोलीत होत नाही.

मे महिन्यात आणखी एक तक्रार वाढली. वेळ घेतली पण केंद्रावर गेलेच नाहीत, अशा लोकांना ‘आपले लसीकरण झाले’ असा निरोप येऊ लागला. टोचणाऱ्याने चुकून किंवा घाईने त्यांच्या नावापुढे खूण केलेली असे. त्यावर ८ मेपासून चार अंकी संकेत सुरू झाला: लाभार्थ्याने तो केंद्रावर सांगायचा, मगच नोंद पुरी होणार. हा उपाय इतका सोपा आणि इतका जुना आहे की हसू यावे. मालाची पोच घेतल्याची सही झाल्याशिवाय बिल चुकते न करण्याचा रिवाज प्रत्येक पेढीवर आहे.

भाषेची गोष्टही मागाहूनच आली. कोट्यवधींसाठी उघडलेले ते संकेतस्थळ आरंभी इंग्रजीतच होते. मराठी, गुजराती, हिंदी आदी भाषा जून २०२१ मध्ये आल्या. तत्पूर्वी, ३१ मे रोजीच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ज्यांच्यापाशी स्मार्टफोन वा इंटरनेट नाही त्यांचे काय, असा प्रश्न केंद्र सरकारला विचारला होता, आणि दृष्टिहीन व्यक्तींना हे संकेतस्थळ वापरता येत नाही याकडे लक्ष वेधून त्या दृष्टीने त्याची तपासणी करावी असे सुचवले होते. ही तपासणी २८ डिसेंबरच्या राजकोटमध्येही होऊ शकली असती. २५ जणांत एक दृष्टिहीन व्यक्ती पुरली असती.

हे सारे लिहिताना तुला समतोल ठेवायला हवी. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात १०० कोटी मात्रा पूर्ण झाल्या व १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी. त्या सर्वांचा जमाखर्च याच वहीत झाला. एवढ्या प्रमाणावर, एवढ्या घाईत चाललेले दुसरे उदाहरण शोधणे कठीण. कोविनचे चालक दोष दिसताच दुरुस्त करीत गेले. मात्र जानेवारी ते जून या काळात प्रत्येक दोषाची किंमत कोणी ना कोणी रांगेत उभे राहून चुकवली, आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये रांगेत उभे राहणे म्हणजे काय होते हे ज्या घरांनी माणसे गमावली त्यांना सांगण्याची गरज नाही.

याउलट, वानगी घेतली आणि सौदाच मोडला, असेही एक उदाहरण आहे. कोरोनाबाधिताच्या निकट कोण आले होते हे मोबाइलवरून ओळखणारे अॅप ब्रिटनने तयार केले आणि मे २०२० मध्ये ते प्रथम केवळ वाइट बेटावर चालवून पाहिले. सुमारे एक लाख चाळीस हजार वस्तीचे हे बेट; येण्याजाण्याचे मार्ग मोजके, म्हणून निवडलेले. निकाल असा निघाला की अँड्रॉइड फोनपैकी ७५ टक्के या अॅपला ओळखू येत होते, आणि अॅपलचे अवघे ४ टक्के. अॅपलचा फोन खिशात स्वस्थ पडला की त्यातील अॅपही झोपी जात असे. १८ जून रोजी सरकारने ते अॅप सोडून दिले. वृत्तपत्रांनी त्याची नाचक्की केली, विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. वस्तुतः परीक्षेने आपले काम चोख बजावले होते. ऑगस्टमध्ये वेगळ्या पायावर बांधलेले दुसरे अॅप त्याच बेटावर आणि लंडनच्या न्यूहॅम भागात तपासले गेले व २४ सप्टेंबरला इंग्लंड आणि वेल्समध्ये खुले झाले. घोषणा आधी व परीक्षा नंतर अशी पद्धत असती, तर ४ टक्के हा आकडा साऱ्या देशाच्या अंगावर आला असता. ‘नापास’ हा शेरा लिहिण्याची मुभा ज्या परीक्षकाला नाही, त्याची परीक्षा हा केवळ सोहळा होय.

आतापर्यंतची उदाहरणे सरकारांची होती. समाजातील अनेक घराणी इस्पितळे, दवाखाने, रक्तपेढ्या व तपासणी केंद्रे चालवणाऱ्या न्यासांशी जोडलेली आहेत. तेथेही आता कागदी केसपेपर जाऊन संगणक येत आहे, आणि खरेदीच्या मंजुरीवर सही विश्वस्तांचीच होते. त्यांच्यासाठी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातील लहान मुलांच्या इस्पितळाची हकिकत अधिक जवळची ठरावी.

ऑक्टोबर २००२ मध्ये त्या इस्पितळाने डॉक्टरांच्या सूचना कागदाऐवजी संगणकावर घेण्याची व्यवस्था सुरू केली. बाजारात विकली जाणारी, नावाजलेली व्यवस्था होती. हेतू उत्तम होता: अक्षर न लागल्यामुळे चुकीचे औषध वा चुकीची मात्रा जाऊ नये. सहा दिवसांत ती इस्पितळभर लागू झाली. तीन वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, तेथीलच डॉक्टरांनी ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अन्य इस्पितळांतून तातडीने हलवून आणलेल्या १,९४२ मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. व्यवस्था येण्यापूर्वीच्या तेरा महिन्यांत अशा मुलांतील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्के होते. ती आल्यानंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले.

कारणे वाचताना मन विषण्ण होते, कारण त्यांत यंत्राची चूक म्हणावी असे फारसे काही नाही. पूर्वी रुग्णवाहिकेतून मूल येत असल्याचा निरोप मिळताच अतिदक्षता विभागातले डॉक्टर औषधांची सूचना आधीच लिहून ठेवीत. मूल दारात येई तेव्हा सुई तयार असे. नव्या व्यवस्थेत मूल प्रत्यक्ष येऊन त्याची नोंद झाल्याशिवाय सूचना देताच येईना. पूर्वी एक सूचना लिहायला काही क्षण लागत. आता अनेक बटणे दाबून एक-दोन मिनिटे लागू लागली, आणि तेवढा वेळ डॉक्टर खाटेपाशी नसून पडद्यापाशी असे. विभागातच हाताशी असणारी तातडीची औषधे नव्या शिस्तीत मध्यवर्ती औषधालयात गेली. गर्दीच्या वेळी संगणक गोठत. मृत्यूंमागे याशिवाय अन्य कारणे असणे अभ्यासकांनी नाकारलेले नाही, आणि या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वादही झाला. पण ती मिनिटे खरी होती.

पुढील वर्षी सिअॅटल येथील मुलांच्या इस्पितळाने आपला अनुभव प्रसिद्ध केला. तीच व्यवस्था, तसाच विभाग. मृत्यूचे प्रमाण वाढले नव्हते. तेथे अतिदक्षता विभागातील मंडळींना आखणीपासूनच सोबत घेतले होते, आणि नेहमी लागणाऱ्या सूचनांचे संच तयार ठेवले होते, म्हणजे आणीबाणीत एकेक औषध शोधत बसायला नको. विकत घेतलेला माल एकच. फरक होता तो लावण्याआधीच्या कष्टांचा. विक्रेत्याकडून प्रमाणपत्र घेऊन निश्चिंत होणाऱ्या विश्वस्तांनी या दोन इस्पितळांची नावे एकाच कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावीत.

भारतात आता प्रमाणपत्रांची व्यवस्था बऱ्यापैकी उभी राहिली आहे. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेने १५ ऑगस्ट २०२० पासून प्रथम सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग केला आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ती देशभर नेली. चौदा अंकी आभा क्रमांक त्यातलाच. या जाळ्यात येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला आधी ‘सँडबॉक्स’ नावाच्या बंदिस्त जागेत, खऱ्या रुग्णांची माहिती न वापरता, आपले काम दाखवावे लागते. आभा क्रमांक काढता येतो का, जुन्या नोंदी त्याला जोडता येतात का, रुग्णाच्या संमतीने त्या दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवता येतात का, हे टप्प्याटप्प्याने पाहिले जाते. शिवाय सुरक्षेची तपासणी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. ही शिस्त स्वागतार्ह आहे. खरेदीपूर्वी हे टप्पे पार झाल्याचा पुरावा मागितलाच पाहिजे. माहितीची राखण करण्यात कसूर केल्यास २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे, ही बाबही सहीपूर्वी नजरेखालून घालण्याजोगी आहे.

परंतु सँडबॉक्समधील रुग्ण कल्पित असतो, आणि कल्पित रुग्णांची नावे नेहमी वेगवेगळी असतात. समाजाच्या एखाद्या दवाखान्याच्या नोंदवहीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे कितीजण निघतील याची कल्पना त्या पेटीला नाही. शहा, जैन, दोशी, ओसवाल; बापाचे नाव आजोबांचे म्हणून नातवालाही ठेवलेले; त्यातून ‘शहा’ इंग्रजीत कोणी एका प्रकारे लिहितो, कोणी दुसऱ्या. वयस्कर मंडळींच्या जन्मतारखा तर शाळेच्या गुरुजींनी लिहिलेल्या, आणि महाराष्ट्रात त्या १ जून याच दिवशी एकवटलेल्या. दोन सारख्या नावांचे, सारख्या जन्मतारखेचे रुग्ण एकाच दिवशी आले आणि एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नोंदीत गेला, तर पडद्यावर कोठेही लाल दिवा लागणार नाही.

विक्रेता आपल्या संगणकावर, आपल्या तयार नोंदींवर, आपल्या हाताने जे प्रात्यक्षिक दाखवतो ती पोत्याच्या तोंडाची वानगी. तळाची वानगी हवी असेल तर दवाखान्याच्या जुन्या नोंदवहीतील सर्वांत गुंतागुंतीची पाने निवडावी लागतात: सारख्या नावांची, खाडाखोडीची, अर्धवट पत्त्यांची. नावे बदलून तीच व्यवस्थेत चढवावीत आणि सोमवारी सकाळच्या गर्दीला तोंड देणारी नोंदणी खिडकीवरची मुलगीच यंत्रासमोर बसवावी. विक्रेत्याचा माणूस त्या वेळी खोलीबाहेर असणे बरे. एकदा वीज घालवून पाहावी. एकदा इंटरनेट तोडून पाहावे. रक्तपेढीत रात्री दोन वाजता काय होते ते रात्री दोन वाजताच जाऊन पाहावे. ज्या डॉक्टरांचा नव्या व्यवस्थेला विरोध आहे त्यांनाच पहिल्या चाचणीला बसवावे. उत्साही तरुण डॉक्टर दोष पोटात घालतो, नाराज डॉक्टर एकही सोडत नाही.

आणि काही काळ दोन्ही वह्या चालाव्यात. दुकानांतून संगणक आले तेव्हा शहाण्या पेढ्यांनी कीर्द-खतावणी लगेच गुंडाळली नाही. सहा-आठ महिने मुनीमजी वहीत लिहीत, मुलगा संगणकावर घालीत असे आणि संध्याकाळी दोन्हींचा ताळा जुळवला जाई. ताळा चुकला की चूक कोणाची यावर थोडे रणकंदन होई, आणि त्यातूनच व्यवस्था पक्की होत गेली. इस्पितळात हे दुहेरी काम महाग पडते, कर्मचारी कुरकुरतात, विक्रेता तर ‘जुने बंद केल्याशिवाय नव्याची सवय लागत नाही’ असे ऐकवतो. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. म्हणून दुहेरी वहीची मुदत आरंभीच ठरवावी आणि ताळा किती दिवस सलग जुळल्यावर जुनी वही मिटायची हेही लिहून ठेवावे. न जुळल्यास उद्घाटन पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला, तेही. पाहुणे निमंत्रित झाल्यावर, मंडप पडल्यावर, देणगीदारांच्या नावाची पाटी तयार झाल्यावर हा अधिकार वापरणे किती अवघड असते, याचा अनुभव विश्वस्तांपैकी बहुतेकांना असेलच.

शेवटी एक बारीकशी वाटणारी बाब. कोविनवर एका मोबाइल क्रमांकावर आरंभी चारच जणांची नावे घालता येत. जानेवारी २०२२ मध्ये ती मर्यादा सहा झाली. एकत्र कुटुंबांना ती अपुरी वाटली, कारण घरातील सर्वांचे व्यवहार बहुधा एकाच क्रमांकावर चालतात आणि तो क्रमांक पेढीवर बसणाऱ्या कर्त्या पुरुषाचा असतो. लसीच्या निरोपाने काही बिघडत नाही. पण इस्पितळाची नवी व्यवस्था तपासणीचे निष्कर्षही त्याच क्रमांकावर धाडते. सुनेच्या गर्भारपणाची तपासणी, मुलाच्या मनोविकाराचे औषध, विधवा आत्याच्या गाठीचा अहवाल, सारे गल्ल्यावरच्या मोबाइलवर, गिऱ्हाइकांसमोर, मुनीमजींच्या नजरेखाली. अशी चूक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला दिसणार नाही. त्याच्या हिशेबी एक माणूस म्हणजे एक फोन. ती समाजातील बायकांना लगेच दिसेल. काही मोजक्या इस्पितळांत आता नोंदणी खिडकीवर कर्मचारी सोबत आलेल्या मंडळींना थोडे मागे उभे राहायला सांगते, आणि अहवालाचा निरोप कोणत्या क्रमांकावर पाठवायचा, हे रुग्ण बाईलाच विचारते.